तिच्या आईची पाणचक्की

"मॅडम, तुमच्या आईंच्या पुस्तकातली बाई एक नाहीये. दोघी आहेत."

प्राचीचा फोन आला तेव्हा मी वाशीच्या दाणा बाजारात एका गाळ्यासमोर उभी होते आणि माझ्या तळहातावर तांदूळ होते. आईच्या वर्षश्राद्धाला आठ दिवस राहिले होते. गाळ्याच्या पुढ्यात ओळीने ताटल्या मांडलेल्या होत्या, प्रत्येकीत वेगळा तांदूळ, आणि गुमास्ता माझ्याकडे न बघता सांगत होता, "हा जुना आहे ताई, मोकळा होईल. तो नवा, चिकटतो." प्राची प्रकाशकांकडे संपादक आहे, वयाने माझ्यापेक्षा बरीच लहान. "तुम्ही टेन्शन घेऊ नका," ती म्हणाली. "ॲक्च्युली असं होतं कधीकधी. अभिराम सरांनी दोन पानांचा अभिप्राय पाठवलाय, मी फॉरवर्ड करते. पण सर म्हणतायत, इतिहास म्हणून हे असं छापता येणार नाही." मी बरं म्हणाले. मूठ उघडून तांदूळ परत ताटलीत सोडले, वरून हात फिरवून सपाट केले, आणि त्यांच्यावर माझ्या बोटांच्या चार रेघा उमटल्या. लग्नात नवरीचं नवं नाव असंच लिहितात. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीच्या टोकाने त्यात अक्षरं काढायची, सगळ्यांनी वाकून वाचायचं. त्या रेघांकडे बघताना आई कुठे चुकली असेल ते मला कळलं, अभिप्राय उघडायच्या आधीच. गुमास्ता म्हणाला, "ताई, जुना देऊ ना?" मी मान हलवली. तो कोणता देत होता ते मी पाहिलं नाही.

खारघरला परत येताना रिक्षात मी अभिप्राय वाचला. अभिराम सर मध्ययुगीन युरोपचे अभ्यासक, लॅटिन वाचणारे, आणि माणूस म्हणून सभ्य असावेत, कारण पहिला अख्खा परिच्छेद त्यांनी आईच्या कष्टांबद्दल लिहिला होता. ते कष्ट मला माहीत होते. मी नववीत असताना शाळेत सगळ्या मुलींनी फ्रेंच घेतलं, त्यात मार्क चांगले पडतात म्हणून, तसं मीही घेतलं. आई दुसऱ्या एका शाळेत इतिहास शिकवायची. माझा अभ्यास घेता यावा म्हणून तीही माझ्या पुस्तकातून फ्रेंच शिकायला लागली. दहावीनंतर मी ते सोडलं आणि आईने नाही. एका कॉलेजच्या ग्रंथालयाने रद्दीत काढलेला एक जाड खंड तिला त्याच सुमारास मिळाला. फ्रान्समधल्या एका लहानशा मठाची बाराव्या शतकातली दानपत्रं, एका पानावर लॅटिन आणि समोरच्या पानावर फ्रेंच भाषांतर. त्या दानपत्रांमध्ये तिला एक सरदारकन्या भेटली. तिचं नाव एलिसांद. लग्न ठरल्यावर एलिसांदने बापाच्या संमतीने आपल्या वाट्याच्या पाणचक्कीतलं थोडं पीठ दर वर्षी मठाला देऊ केलं होतं आणि त्या कागदात लिहिलं होतं की उद्या मी गोतिए नावाच्या सरदाराच्या घरी जाणार. त्यानंतर एलिसांद कागदांमधून नाहीशी होते. दोन वर्षांनी गोतिएच्या कागदांवर त्याच्या बायकोची संमती येते, आणि ती असते माबील. पुढे तीस वर्षं माबीलच. ती नवऱ्यामागे जहागीर सांभाळते, दिरांशी भांडते, आणि शेवटी मृत्युपत्र करते: "आएनोर या माझ्या मुलीला मी ती पाणचक्की देते, जी तिच्या आईची होती."

आईने यावरून तीनशे पानं लिहिली. तिच्या मते माबील म्हणजेच एलिसांद. लग्नानंतर तिचं नाव बदललं. त्या शेवटच्या वाक्याला आईने तळटीप दिली होती: "बाई स्वतःविषयी परकीसारखी बोलते. नाव बदललेल्या बाईला ही सवय लागते." ही तळटीप मीच टाइप केली होती. आई गेल्यावर तिच्या नऊ वह्या मी माळ्यावरून खाली काढल्या आणि रोज ऑफिसमधून आल्यावर दोन दोन पानं संगणकावर उतरवली, अकरा महिने. शोक करायची मला दुसरी रीत सुचली नव्हती. तिचं अक्षर माझ्या बोटांमधून जात होतं आणि तेवढा वेळ ती घरात असायची. या वाक्यापाशी मी थांबले होते हेही मला आठवतं. सुंदर वाक्य आहे, असं वाटलं होतं. खरं की खोटं, असं वाटलं नव्हतं.

अभिराम सरांनी लिहिलं होतं: त्या प्रदेशात लग्नानंतर स्त्रीचं नाव बदलायची रीत नव्हती. बाप्तिस्म्याचं नाव मरेपर्यंत राहायचं. शिवाय खंडाच्या शेवटी मठाची स्मरणयादी आहे, ज्या मृतांसाठी प्रार्थना करायची त्यांची, आणि तिचं भाषांतर दिलेलं नाही. त्या यादीत एलिसांद आहे, लग्नानंतर दीड वर्षाने, आणि माबील आहे, त्यानंतर एकतीस वर्षांनी. एलिसांद बहुधा बाळंतपणात गेली. माबील गोतिएची दुसरी बायको. आएनोर ही एलिसांदची मुलगी, माबीलने वाढवलेली. मृत्युपत्रातल्या त्या वाक्याचा अर्थ अगदी सरळ आहे.

अगदी सरळ आहे, हे शब्द मी पुन्हा वाचले. आई उत्तरपत्रिका तपासताना समासात लाल शाईने एकच शब्द लिहायची: कशावरून? मुलं तिला चिडवायची, कशावरून बाई म्हणायची. माझ्या निबंधांनाही ती सोडायची नाही. आणि तिने स्वतः तीस वर्षांत एकदाही या एलिसांदला विचारलं नाही, कशावरून? मला तिचा राग आला. ती गेल्यापासून पहिल्यांदाच आला, आणि मला जरा हलकं वाटलं, कारण मेलेल्या माणसावर फार वेळ नुसती माया करत राहणंही दमवणारं असतं.

बाबा बाल्कनीत कुंडीतली माती उकरत बसले होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षं झाली, तरी पाणी घालताना ते आधी मातीचा उतार बघतात. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी हात झटकले.

"मग? छापणार नाहीत?"

"तीन वाटा आहेत म्हणाली प्राची. थांबवायचं, नाहीतर महिन्याभरात दुरुस्त करून द्यायचं, नाहीतर मुखपृष्ठावर कादंबरी असं लिहायचं. कादंबरीला कोणी पुरावा मागत नाही."

"मग कादंबरी म्हण आणि टाक छापून. कोण जातंय फ्रान्सला विचारायला."

"बाबा, आईने कादंबरी नाही लिहिली. तिने इतिहास लिहिला."

"चुकीचा लिहिला ना पण?" ते म्हणाले, आणि लगेच वरमले. "तसं नाही. म्हणजे, तिला वाटलं ते तिने लिहिलं." मग ते पुन्हा माती उकरू लागले. समोरच्या इमारतीत कोणीतरी गाद्या झोडपत होतं, आवाज उशिरा पोचत होता. "तुझ्या आईचं जयमाला हे नाव मी काढलं होतं," ते म्हणाले. "माझ्या आईने सांगितलं, मुलीचं नाव गावंढळ आहे, तू चांगलं बघ. मी आठ दिवस विचार केला होता. मला वाटलं तिला आवडेल."

"आणि तिला विचारलं होतं?"

"तेव्हा कुठे भेटलो होतो आम्ही." ते हसले, पण ते हसू लगेच मावळलं. "नंतर विचारायचं राहिलं. पन्नास वर्षं राहिलं, असं म्हण."

आईचं माहेरचं नाव बाळाबाई होतं, हे मला माहीत होतं, पण ते एखाद्या गावाचं नाव नकाशात माहीत असावं तसं. तिला त्या नावाने हाक मारणारं कोणी मी ऐकलं नव्हतं. भिमामावशी, तिची धाकटी बहीण, तीसुद्धा आमच्याकडे यायची तेव्हा नुसतं आक्का म्हणायची. माझ्या लग्नात मात्र एक घडलं होतं. विधी चालू असताना कोणीतरी तांदळाचं ताट आणून ठेवलं आणि आई शांतपणे उठली, ताट उचललं आणि स्वयंपाकघरात नेऊन ते तांदूळ डब्यात ओतून आली. "आडनावाचं तुझं तू बघ," ती मला म्हणाली, "नावाला कोणी हात लावायचा नाही." माझे सासरे गोंधळले होते. मला त्या वेळी अभिमान वाटला होता, पुरोगामी आई म्हणून. परत येऊन बसल्यावर ती पदराला हात पुन्हा पुन्हा पुसत होती हे मी पाहिलं होतं आणि त्याचा संबंध मी तिच्या टापटिपीशी जोडला होता. आता वाटलं, मीही तशीच. जे दिसतं त्यावरून हवा तो अर्थ काढायचा आणि पुढे जायचं. ही सवय आमच्या घरातच असावी.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी वह्यांची छापील प्रत घेतली आणि कळंबोलीला गेले. भिमामावशी तिथे अंकुशकडे, तिच्या मुलाकडे राहते. अंकुशचं खाली ट्रान्सपोर्टचं ऑफिस आणि वर घर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ट्रक उभे होते, कुठेतरी क्रेनमधून पत्रे उतरत होते आणि दर थोड्या वेळाने सगळी हवा कांस्याच्या ताटासारखी वाजायची. मी तिथे का जात होते ते मला नीटसं सांगता आलं नसतं. प्राचीला महिन्याभरात उत्तर द्यायचं होतं. एलिसांदला माबीलपासून वेगळं करायचं तर तीनशे पानांतली दीडशे कोसळत होती, आणि सगळ्यांत आधी चौथं प्रकरण, ज्यात एलिसांद माहेर सोडते आणि माबील होते. पुस्तकातलं सगळ्यांत चांगलं प्रकरण तेच. त्याला एकही आधार नव्हता. ते काढून टाकायचं म्हणजे माझ्या हाताने आईला आणखी थोडं पुसायचं, आणि ठेवायचं म्हणजे तिला जाणत्या लोकांच्या हसण्यावारी सोडायचं. मला कोणाला तरी विचारायचं होतं, आणि आईला लहानपणापासून ओळखणारं एवढं एकच माणूस उरलं होतं.

मावशी खाटेवर बसून लसूण सोलत होती. "ये शिप्रे. वाळलीस. नवरा जेवू घालत न्हाय व्हय?" तिला क्षिप्रा म्हणता येत नाही, आणि माझं नाव नदीचं आहे हे सांगितल्यापासून ती मला विचारत असते, यंदा पाणी किती. मी सांगितलं, आईच्या पुस्तकाचं काम आहे. "कसलं पुस्तक?" "एका बाईवर लिहिलंय. परदेशातली, जुन्या काळातली." "राणी व्हती?" "राणी नाही. पाटलीण म्हण." "मग हाय की आपल्यातलीच," मावशी म्हणाली.

मी विचारलं, "मावशी, आईचं नाव बदललं तेव्हा काय झालं गं?"

"काय व्हायचं. समद्यांचंच बदलायचं. माजं न्हाय बदललं, आमच्या म्हाताऱ्याला तांदळात लिवायला येत न्हवतं." ती हसली. मग लसणाची पाकळी हातात तशीच धरून म्हणाली, "पत्राचं सांगितलं का न्हाय तुला आक्कानं?"

"कुठलं पत्र?"

"लगीन झालं, पुण्याला गेली. म्हैन्यानं पत्र धाडलं तिनं. पोस्टमन आला. मी साळंत. आईला वाचाय येत न्हवतं. पोस्टमन म्हनला, पाठवनार सौभाग्यवती जयमाला, पुनं. आई म्हनली, आमच्यात जयमाला कोन न्हाय. भाऊबंदकीत रानाचा दावा चाललेला, तिला वाटलं कोर्टाचा कागद. म्हनली, नको बाबा, घिऊन जा. त्यो घिऊन गेला."

"परत पाठवलं?"

"परत. मी घरी आल्यावर मला म्हनती, कोन गं जयमाला? मी कपाळाला हात लावला. पळत गेले पोस्टात, तवर गाडी गेल्याली." ती पुन्हा लसूण सोलायला लागली. "दिवाळीला आली तवा आई लई रडली तिच्यापाशी. आक्का म्हनली, आसू दे, मलाबी हाक मारली की कळत न्हाय."

खाली ट्रक मागे घेताना कोणीतरी आने दो, आने दो म्हणत होतं. मी मनात एकवीस वर्षांच्या एका मुलीला बघत होते. पुण्यातल्या दोन खोल्यांच्या घरात तिच्या हातात तिचंच पत्र परत येतं, वर तिच्याच अक्षरातलं ते नवं नाव, आणि ते तिच्या आईने घेतलेलं नाही. ती ते पत्र कुठे ठेवते? कोणाला दाखवते? पुढे वीस वर्षांनी एका रद्दीतल्या पुस्तकात एक मुलगी तिला भेटते, जी लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत एलिसांद आहे आणि मग कुठेच नाही. सगळ्या कागदांमध्ये हुडकूनही नाही. कशावरून? मला आता विचारायची गरज वाटली नाही. ती चुकली होती, यात शंका नाही. अभिराम सर बरोबर होते आणि त्यांचं बरोबर असणं मला आता डाचत नव्हतं. दोघी होत्या. एक लवकर मेली होती. दुसरीने तिची मुलगी वाढवली होती आणि तीस वर्षं सांभाळलेली पाणचक्की देताना, आपली म्हणून न देता, तिच्या आईची म्हणून दिली होती. तिने पहिलीचं नाव पुसलं नाही. माबील ही केवढी मोठी बाई होती, आणि आईच्या पुस्तकात ती नव्हतीच. तिच्यावर कोणीतरी नव्याने लिहायला हवं होतं.

"वाच की," मावशी म्हणाली. "आक्कानं काय लिवलंय ते."

मी चौथं प्रकरण काढलं. ग्रांथिक मराठी तिला कळेल की नाही असं वाटत होतं, पण आई वर्गात शिकवायची तसंच लिहायची, छोट्या वाक्यांत. मी वाचू लागले. "पहाटे घोडे तयार झाले. एलिसांदने मागे वळून पाहिले नाही. पाहिले असते तर कोणीतरी तिला नावाने हाक मारली असती, आणि मग तिला जाता आले नसते. तिच्या पोटाशी एक कापडी पिशवी होती. तीत घरच्या पाणचक्कीचे ओंजळभर पीठ होते. नव्या घरी पीठ नसेल असे नव्हे." मावशी ऐकत होती. तिचे हात थांबले होते. "वाटेत ती आपले नाव मनात म्हणत होती. दुसऱ्या दिवशी नव्या नावाने पहिली हाक आली तेव्हा ती उठली नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्या हाकेला बायका हसल्या, तेव्हा तिला कळले की आपणच."

"घोडं कुटलं," मावशी म्हणाली.

मी वर बघितलं.

"घोडं कुटलं तिथं? एष्टी व्हती. तासगावातनं. आनि पीठ न्हवं, शेंगा व्हत्या. भाजलेल्या. म्याच बांदून दिल्या. म्हनलं बाळे, वाटंत खा. तिनं खाल्ल्या न्हाईत, दिवाळीला तशाच परत आनल्या, खवट." तिने पदराने नाक पुसलं. "ह्ये कोन सांगितलं ह्या फ्रानसच्या बाईला? ही तर आमची बाळी हाय."

बाळी. मी पहिल्यांदाच ती हाक ऐकत होते. मी पर्समधून पेन काढलं आणि समासात लिहिलं, एसटी. खाली लिहिलं, शेंगा. माझं अक्षर आईच्या अक्षरासारखं दिसतं असं लोक म्हणतात, मला ते कधी पटलेलं नाही. मग मी तिथूनच प्राचीला फोन लावला. रविवार होता, तरी तिने उचलला.

"सर बरोबर आहेत," मी म्हणाले. "दोघी आहेत. मी दोघी वेगळ्या करणार आहे. पण महिन्यात नाही होणार. मला पुन्हा फ्रेंच शिकायचंय, आणि सरांना विचारा, लॅटिनची ती यादी ते मला वाचून दाखवतील का."

"मॅडम, मग आमच्या छपाईच्या यादीतला तुमचा नंबर जाईल. पुढच्या वर्षीचं मी आज प्रॉमिस नाही करू शकत."

"चालेल."

"आणि चौथ्या प्रकरणाचं काय? ते सरांनी टोटली काढायला सांगितलंय."

"ते त्या दोघींच्या गोष्टीतून काढायचं. पण फेकायचं नाही. ते पुस्तकाच्या सुरुवातीला जाईल, स्वतंत्र. ती बाई वेगळी आहे."

"म्हणजे आता तिघी?" प्राची म्हणाली. तिच्या आवाजात हसू होतं, आणि थोडी काळजी. "तिसरीचं नाव काय लिहू?"

मी सांगितलं. तिने ते एक एक अक्षर म्हणत लिहून घेतलं, आणि मग विचारलं, "आडनाव?"

"सध्या एवढंच लिही," मी म्हणाले.

मावशीने माझ्या गुडघ्यावर चापट मारली. "फोन ठिव गं. पुढं वाच. पुण्याच्या स्टँडवर कोन न्यायला आलतं का न्हाय, त्ये तिनं मला कदी सांगितलंच न्हाय."